बोटीला ट्रेलर जुळवताना : आधार, तोल आणि कामाचा क्रम

पाण्यावर तरंगणाऱ्या बोटीला पाणी तिच्या तळाच्या बुडालेल्या संपूर्ण भागावर उचलून धरते, आणि तळाची जाडी, आतल्या फासळ्या व लांबीच्या दिशेने बसवलेल्या तुळया या सर्व गोष्टी बांधणाऱ्याने हाच आधार गृहीत धरून ठरवलेल्या असतात. बोट ट्रेलरवर चढली की तेच वजन दोन-चार लाकडी पट्ट्यांवर किंवा काही रोलरवर एकवटते, आणि रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्यात क्षणभर कित्येक पटींनी वाढून त्याच जागांवर आदळते. म्हणून ट्रेलर जुळवणे म्हणजे जमिनीवर शक्य तितके पाण्यासारखे वागणारे आसन तयार करणे होय. ते जमले नाही तर बोट लगेच फुटत नाही. तिचा तळ हळूहळू वाकतो, आणि तो दोष पाण्यात वेग घेतानाच उघड होतो.

विवेचनाच्या सोयीसाठी येथे एक नमुना धरला आहे : साडेपाच मीटर, म्हणजे सुमारे १८ फूट लांबीची, मागे आउटबोर्ड इंजिन बसवलेली फायबरची बोट आणि तिच्यासाठी एका आसेचा, दोन चाकांचा ट्रेलर. कोकणच्या खाड्यांत, गोव्याच्या किनाऱ्यावर आणि धरणांच्या जलाशयांत पर्यटनासाठी व जलक्रीडेसाठी या जातीच्या बोटी वापरल्या जातात.

जुळवणी बिघडते ती बहुधा क्रम चुकल्यामुळे. ट्रेलरच्या पुढच्या भागात उभा असलेला, बोट ओढून चढवणाऱ्या विंचचा खांब जिथे आहे तिथे पक्का मानला जातो, बोट त्याला टेकेपर्यंत ओढली जाते, आणि मग तिची मागची बाजू जिथे येईल तिथे येऊ दिली जाते. वास्तविक खांब बोटीसाठी असतो. आधी तळाचा आधार, मग मागची कड, त्यानंतर खांब आणि सर्वांत शेवटी चाकांची आस, या क्रमाने काम केल्यास प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी राहते; क्रम उलटला तर एक दोष काढताना दुसरा निर्माण होतो.

वजनाचा हिशेब

पाना हातात घेण्यापूर्वी वजन माहीत असावे लागते. बोटीच्या माहितीपत्रकात दिलेले वजन पुष्कळदा केवळ रिकाम्या सांगाड्याचे असते. त्यात इंजिन, इंधन, बॅटरी, नांगर, दोर आणि जीवरक्षक जाकिटे धरलेली नसतात. नमुन्याच्या बोटीचा सांगाडा ५५० किलो, इंजिन १६५ किलो, ८० लिटर पेट्रोल सुमारे ६० किलो, बॅटरी २५ किलो आणि इतर सामान ५० किलो धरले, तर बोट ८५० किलोंची होते. ३५० किलोंचा ट्रेलर मिळवला की एकूण भार १,२०० किलो भरतो. पेट्रोल पाण्याहून हलके असून त्याचा एक लिटर साधारण पाऊण किलो भरतो, हे येथे लक्षात ठेवावे.

ट्रेलरच्या पट्टीवर कोरलेली कमाल क्षमता ही बोट व ट्रेलर यांच्या एकत्रित वजनाची असते, आणि प्रत्यक्ष भार तिच्या ८५ टक्क्यांच्या आत असलेला बरा. या हिशेबाने १,२०० किलोंच्या भाराला सुमारे १,४०० किलो क्षमतेचा ट्रेलर लागतो. टायरवर छापलेली भारक्षमता, आसेची क्षमता आणि ओढणाऱ्या गाडीला दिलेली ओढण्याची मर्यादा यांपैकी जी सर्वांत कमी असेल तीच सगळ्या जोडणीची मर्यादा ठरते. अंदाजापेक्षा वजनकाट्यावर सामानासह केलेले एक वजन अधिक विश्वासार्ह असते.

तळाचा आधार

आधाराचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात ट्रेलरच्या लांबीला धरून जाड लाकडी पट्ट्या बसवलेल्या असतात व त्यांवर गालिच्यासारखे जाड कापड ताणलेले असते. या पट्ट्यांना बंक म्हणतात. दुसऱ्यात रबरी किंवा कडक प्लास्टिकच्या रोलरच्या जोड्या हलत्या दांड्यांवर बसवलेल्या असतात. बंक वजन लांब पट्ट्यावर पसरवतात, म्हणून फायबरच्या तळाला ते अधिक मानवतात. रोलरवर बोट चढवणे-उतरवणे सोपे जाते, पण प्रत्येक रोलरखाली वजन थोड्याशा जागेत एकवटते, त्यामुळे रोलर जितके जास्त तितका तळ सुरक्षित. लाकडी बोटीची गोष्ट वेगळी असते. तिचे वजन तळाच्या मध्यभागातून जाणाऱ्या कण्याने पेलायचे असते, म्हणून तेथे कण्याखालचे रोलर मुख्य आधार होतात आणि बाजूच्या पट्ट्यांनी बोटीला केवळ कलू न देण्याचे काम करायचे असते.

हे काम बोट ट्रेलरवर असताना करू नये. बोट पाण्यात उतरवून रिकामा ट्रेलर सपाट जमिनीवर आणावा, चाकांच्या पुढे-मागे पाचरी ठोकाव्यात आणि चौकट पातळीत आणावी. पाण्यात नेणे शक्य नसल्यास बोट कण्याखाली व मागच्या बाजूला भक्कम ठोकळ्यांवर टेकवूनच ट्रेलर बाहेर काढावा. केवळ जॅकवर पेललेल्या बोटीखाली कोणीही शिरू नये.

बंक बसवताना तीन गोष्टी साधाव्या लागतात. पहिली म्हणजे जागा : बंक शक्यतो बोटीच्या आतल्या उभ्या तुळयांच्या बरोबर खाली यावेत, कारण तेथेच तळ भार घेऊ शकतो, आणि तळाच्या बाहेरून लांबीने धावणाऱ्या उंचवट्याच्या धारांवर ते चढू नयेत, कारण तसे झाल्यास सारा भार त्या अरुंद धारेवर पडतो. दुसरी म्हणजे कोन : बोटीचा तळ मागून पाहिल्यास इंग्रजी व्ही अक्षरासारखा दिसतो, आणि त्या व्हीची बाजू आडव्या रेषेशी जो कोन करते तोच कोन बंकच्या माथ्याला द्यावा लागतो; बंकचे पाय खिळीवर फिरणारे असतील तर हा कोन काही अंशी आपोआप जुळतो. तिसरी म्हणजे उंची : दोन्ही बाजूंचे बंक चौकटीपासून समान उंचीवर असावेत, आणि बोट शक्य तितकी खाली बसावी, कारण गुरुत्वमध्य जितका खाली तितका ट्रेलर वळणावर स्थिर. मात्र स्प्रिंग पूर्ण दबली तरी तळ आडव्या पट्ट्यांना, आसेला किंवा चाकांवरच्या पत्र्याला लागणार नाही एवढे, निदान ५ ते ७ सेंटिमीटर अंतर राखावे.

कण्याखालचे मधले रोलर कण्याला हलकेच टेकतील इतक्याच उंचीवर ठेवावेत. ते जास्त वर आले तर बोट त्यांवर तोलली जाते आणि बंक नावापुरते उरतात. बोट परत चढवल्यावर पुठ्ठ्याची पातळ पट्टी बंक आणि तळ यांच्या मधून सर्व लांबीभर सरकवून पाहावी : जिथे ती सहज शिरते तिथे आधार नाही, आणि शेजारच्या भागावर त्याचा अतिरिक्त भार पडतो आहे, असे समजावे.

बंकसाठी लाकूड निवडताना अ‍ॅल्युमिनियमच्या बोटींबाबत एक विशेष सावधगिरी लागते. वाळवी व कुजण्यापासून वाचवण्यासाठी तांब्याच्या क्षारांत मुरवलेले लाकूड ओले असताना अ‍ॅल्युमिनियमला खाते, म्हणून अशा बोटीखाली साधे किंवा तांबेरहित प्रक्रियेचे लाकूड वापरावे. बंक जोडणाऱ्या बोल्टची डोकी लाकडात पुरती खोल बसवावीत. कापड झिजल्यावर वर आलेले एखादे डोके प्रत्येक खेपेला तळ ओरखडते.

मागची कड आणि पुढचा खांब

बोटीच्या मागच्या सरळ उभ्या भिंतीला ट्रान्सम म्हणतात. आउटबोर्ड इंजिनाचे सगळे वजन तिच्यावर लटकलेले असल्याने तिच्या खालच्या कडेला थेट आधार मिळणे अनिवार्य आहे. बंकचे मागचे टोक ट्रान्समच्या बरोबर रेषेत किंवा तिच्यामागे दोन-तीन सेंटिमीटर बाहेर आलेले असावे. बंक आधीच संपला आणि बोटीचा मागचा अर्धा-पाऊण फूट अधांतरी राहिला, तर बंकच्या टोकावर तळ आतल्या बाजूला दाबला जातो आणि त्यामागचा भाग इंजिनाच्या वजनाने खाली झुकतो, म्हणजेच तळाला खोलगट वाक येतो. असा तळ वेगात असताना बोटीचे तोंड पाण्यात दाबतो, तिचा वेग घटवतो आणि सुकाणू जड करतो. एक दीड-दोन मीटर लांबीची सरळ पट्टी ट्रान्समपासून पुढे तळाला लावून पाहिल्यास हा वाक डोळ्यांना दिसतो. पट्टीच्या मध्ये फट दिसली तर बंक तोकडे आहेत की काय, हे पहिल्यांदा तपासावे.

मागची कड ठरली की बोटीची जागा ठरली, आणि आता विंचचा खांब तिच्याकडे न्यायचा. हा खांब चौकटीच्या मधल्या दांड्याला यू आकाराच्या बोल्टांनी पकडलेला असतो. ते सैल करून तो पुढे-मागे आणि वर-खाली सरकवता येतो. खांबावरचा रबरी टेका बोटीच्या पुढच्या टोकाला, म्हणजे नाळेला, घट्ट भिडला पाहिजे, आणि नाळेवर बसवलेली ओढायची कडी त्या टेक्याच्या किंचित खाली यायला हवी. अशा रचनेत खड्ड्यातून जाताना नाळ वर उसळू पाहते तेव्हा कडी टेक्याखाली अडकून तिला रोखते. विंचचा पट्टा कडीकडे सरळ किंवा अगदी थोडा वर चढत जावा. तो खूप वरून खाली उतरत असेल तर ओढताना नाळ उचलली जाते.

विंच हे बोट चढवण्याचे साधन आहे, रस्त्यावर बोट धरून ठेवण्याचे नव्हे. तिच्या दातेरी चाकातली खिटी घसरली तर पट्टा क्षणात मोकळा होतो. म्हणून नाळेच्या कडीपासून चौकटीपर्यंत एक स्वतंत्र साखळी, आणि ट्रान्समच्या दोन्ही कड्यांपासून चौकटीच्या मागच्या टोकांपर्यंत दोन ताणपट्टे आवश्यक मानले जातात. गुळगुळीत प्लास्टिकचे आवरण घातलेल्या बंकवर बोट पाण्याविनाही घसरते. अशा ट्रेलरवर चाके पाण्यात जाईपर्यंत साखळी सोडू नये.

जोडणीवरचा भार

बैलगाडी भरताना ओझे आखाच्या पुढे-मागे असे रचावे लागते की जू बैलांच्या मानेवर किंचित दाबून राहील. ओझे मागे गेले की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांचा ताबा सुटतो. बोटीच्या ट्रेलरलाही हाच नियम लागू पडतो. ट्रेलरच्या पुढच्या दांड्याचे टोक ओढणाऱ्या गाडीच्या मागे बसवलेल्या जोडणीच्या गोळ्यावर जितका भार टाकते त्याला जोडणीवरचा भार म्हणता येईल, आणि बोटींच्या ट्रेलरसाठी तो एकूण भाराच्या ५ ते १० टक्के असावा, असा सर्वसाधारण निकष आहे. भार याहून कमी असेल तर वेग वाढताच ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे झुलू लागतो आणि ते झुलणे आपोआप वाढत जाते. भार फार जास्त असेल तर गाडीची मागची बाजू दबते, पुढची चाके हलकी होतात, सुकाणू आणि पुढचे ब्रेक मंदावतात व दिव्यांचा झोत समोरच्यांच्या डोळ्यांवर चढतो. गाडीच्या कंपनीने ठरवलेली जोडणीवरच्या भाराची कमाल मर्यादा कोणत्याही परिस्थितीत ओलांडू नये.

हा भार घरातल्या वजनाच्या काट्यावर मोजता येतो. काट्याची क्षमता अपुरी पडत असल्यास एक जाड फळी एका बाजूला ठोकळ्यावर आणि दुसऱ्या बाजूला काट्यावर अशी आडवी टेकवावी, की दोन टेकूंमधले अंतर १२० सेंटिमीटर होईल. ठोकळ्यापासून ४० सेंटिमीटर अंतरावर ट्रेलरच्या दांड्याचे टोक टेकवले, तर काट्यावर एक-तृतीयांश भार येतो. फळीचे स्वतःचे वजन आधी वाचून वजा करावे आणि उरलेल्या आकड्याला तीनने गुणावे : काटा २८ किलो दाखवत असेल तर जोडणीवरचा भार ८४ किलो, म्हणजे १,२०० किलोंच्या ७ टक्के होतो.

मोजताना दांड्याचे टोक प्रत्यक्ष ओढण्याच्या उंचीवर असणे महत्त्वाचे आहे. पुळणीवरून किंवा कच्च्या उतारावरून बोट ट्रॅक्टरने काढायची असेल आणि त्याची जोडणी उंच असेल, तर ट्रेलरचे तोंड वर उचलले जाते. चाकांच्या आसेपासून ७० सेंटिमीटर उंचीवर असलेला गुरुत्वमध्य केवळ ३ अंशांच्या कलण्याने साडेतीन सेंटिमीटरांहून थोडा अधिक मागे जातो, आणि साडेचार मीटर लांब दांड्यावर तेवढ्यानेही जोडणीवरचा भार सुमारे १० किलोंनी घटतो. रस्त्यावर ट्रेलरची चौकट जमिनीशी समांतर राहील अशीच जोडणीची उंची निवडावी.

गोळ्याच्या मापाबाबतही दक्षता लागते. युरोप आणि ऑस्ट्रेलियात ५० मिलिमीटर व्यासाचा गोळा प्रचलित आहे, तर अमेरिकेत २ इंच, म्हणजे ५०.८ मिलिमीटर, हे माप सर्वाधिक वापरात आहे. दोन्ही मापे दिसायला सारखी असली तरी दांड्याच्या टोकाची २ इंचांची पकड ५० मिलिमीटरच्या गोळ्यावर सैल बसते आणि धक्क्याने सुटू शकते. बाहेरून आलेल्या ट्रेलरची पकड व गाडीवरचा गोळा यांवर कोरलेली मापे वाचूनच जोडणी करावी.

आस सरकवणे

भार कमी भरला तर दोन मार्ग उरतात : बोट पुढे नेणे किंवा आस मागे नेणे. नमुन्याच्या ट्रेलरवर, गोळ्यापासून आस ४.५ मीटर अंतरावर असताना, जोडणीवरचा भार अवघा ३६ किलो, म्हणजे ३ टक्के आढळला असे धरू. भार, अंतर आणि गुरुत्वमध्य यांचे नाते तरफेच्या साध्या नियमाने सांगता येते : जोडणीवरचा भार गुणिले गोळा ते आस हे अंतर, भागिले एकूण भार, म्हणजे गुरुत्वमध्य आसेच्या पुढे किती आहे ते. त्यानुसार तो सध्या १३.५ सेंटिमीटर पुढे आहे आणि ७ टक्क्यांसाठी ३१.५ सेंटिमीटर पुढे असायला हवा, म्हणजे १८ सेंटिमीटरांचा फरक पडतो. बोट सरकवून तो भरून काढायचा झाल्यास, ट्रेलर स्वतः जागच्या जागी राहत असल्याने, बोट सुमारे २५ सेंटिमीटर पुढे न्यावी लागेल. तसे केल्यास ट्रान्सम बंकच्या टोकापासून तेवढाच पुढे जाईल आणि मागे उरलेले बंक इंजिनाच्या कंसाला आडवे येतील. उलट भार जास्त आहे म्हणून बोट मागे नेली तर ट्रान्सम अधांतरी पडेल. म्हणूनच आधाराने ठरवलेली बोटीची जागा न मोडता आस हलवणे हा योग्य उपाय ठरतो.

आस १८ सेंटिमीटर मागे नेल्यावर गोळा ते आस हे अंतरही वाढते आणि चाके व आस यांचे स्वतःचे वजनही मागे जाते, त्यामुळे मिळणारा भार ८४ किलोंऐवजी त्याहून काहीसा कमी, सुमारे ७५ ते ८० किलो भरतो. तो मर्यादेत असला तरी हिशेबावर न थांबता पुन्हा मोजणे हेच खरे.

पाट्यांच्या स्प्रिंगवरचा ट्रेलर असेल तर स्प्रिंगचे पुढचे-मागचे कंस सैल करून संपूर्ण जुळणी सरकवता येते. रबरी गाभ्याच्या आसेत तिच्या बसवणीच्या पट्ट्या सरकतात. दोन्ही बाजूंना खडूने मूळ जागेच्या खुणा करून सारखेच अंतर हलवावे आणि नंतर गोळ्याच्या पकडीच्या मध्यापासून आसेच्या डाव्या व उजव्या टोकापर्यंतची अंतरे फीतपट्टीने ताडून पाहावीत. दोन्हींत ३ मिलिमीटरांहून अधिक फरक असल्यास ट्रेलर रस्त्यावर तिरका चालतो व टायर एका बाजूने झिजतात. चाके हलल्यावर त्यांवरचे पत्रे, दिव्यांच्या तारा आणि असल्यास ब्रेकच्या नळ्या ताणल्या गेल्या नाहीत ना, हेही पाहावे. ब्रेकचा विचार वजनाशी बांधलेला आहे : ब्रिटनमध्ये ७५० किलोंहून अधिक कमाल वजनाच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत, आणि नमुन्यातला १,२०० किलोंचा ट्रेलर त्या रेषेच्या बराच पलीकडे जातो.

पहिली फेरी आणि पावसाळ्याचा मुक्काम

यू-बोल्ट आळीपाळीने, समोरासमोरचे थोडे थोडे असे आवळावेत, म्हणजे पकड एका बाजूला तिरकी बसत नाही. नवे लाकूड आणि कापड भाराखाली दबत असल्याने पहिल्या थोड्या किलोमीटरांनंतर, आणि पुन्हा पहिल्या लांब फेरीनंतर, सर्व बोल्ट तपासावेत. त्याच वेळी चाकांचे तुंबे हाताने चाचपावेत. एक तुंबा दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे जास्त तापला असेल तर बेअरिंगमध्ये दोष आहे. तापलेला तुंबा थंड पाण्यात बुडला की आतली हवा आकसते व सीलमधून पाणी आत ओढले जाते, म्हणून बोट उतरवण्यापूर्वी ट्रेलर काही वेळ थांबवून थंड होऊ द्यावा आणि खाऱ्या पाण्यातून निघाल्यावर गोड्या पाण्याने धुवावा. भारतात ट्रेलर हा मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार वाहनांतच मोडतो, त्यामुळे त्याची नोंदणी, दिवे आणि क्रमांकपट्टी यांची पूर्तताही जुळवणीचाच भाग समजावी.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक मासेमारी बंद असते, आणि खवळलेल्या समुद्रामुळे पर्यटनाच्या बोटीही त्या सुमारास किनाऱ्यावर चढतात. ज्या बोटी हा काळ ट्रेलरवर काढतात त्यांच्या बाबतीत बंकची चूक एका प्रवासापुरती राहत नाही. तिचा दाब महिनोन्महिने एकाच जागी टिकून फायबरला कायमचा वाक देतो. त्यात पावसाच्या पाण्याची भर पडते : दर लिटरला एक किलो या हिशेबाने बोटीत साचलेले २०० लिटर पाणी ट्रेलरवर २०० किलोंचे अनपेक्षित ओझे टाकते, तेही मागच्या बाजूला. म्हणून मुक्कामापूर्वी तळाचे बूच काढावे, दांड्याचे टोक उचलून नाळ थोडी वर ठेवावी, चौकटीखाली ठोकळे देऊन चाकांवरचा भार कमी करावा आणि बोटीवर पाणी साचणार नाही असे ताडपत्रीचे छप्पर घालावे. पूरप्रवण नदीकाठी वर्षभर ट्रेलरवर सज्ज ठेवलेल्या बचावबोटींनाही हीच काळजी लागू पडते, कारण त्यांचा तळ व टायर नेमके गरजेच्या दिवशी निर्दोष असावे लागतात.

जुळवणी पूर्ण झाल्यावर विंचचा खांब, बंकचे कंस आणि आस यांच्या जागा चौकटीवर रंगाने खुणावून ठेवाव्यात व त्या दिवशीचे एकूण वजन आणि जोडणीवरचा भार एका कागदावर नोंदवावेत. ट्रेलर त्या बोटीला त्याच भारासह जुळलेला असतो. जुने इंजिन काढून त्याहून जड इंजिन बसवले, मागे दुसरी बॅटरी ठेवली किंवा इंधनाची टाकी मोठी केली, की आकडे बदलतात, आणि तेव्हा हा कागद पुढे ठेवून मोजणी पहिल्या पायरीपासून करावी लागते.